गाव कोणतं?

गेल्या डिसेंबरात मी मुंबईहून आमच्या गावी सायकलवर गेलो. चार दिवस, एकटा. वय त्रेपन्न, पेशा शाळामास्तरचा. घरात सांगितले तेव्हा बायको आधी हसली, मग म्हणाली, "का, एसटी बंद झाली?" ती थट्टा करत नाही हे पाहून तिने एकच अट घातली. रात्री एकट्याने प्रवास करू नये अशी आपल्याला शिकवण आहे. तेव्हा रोज मगरिबच्या आधी मुक्काम गाठायचा आणि फोन करायचा. मी कबूल केले.

डॉक्टरांनी साखर वाढल्याचे सांगितल्यापासून तीन वर्षे मी दर रविवारी सायकल चालवतो. आमचे गाव दाभोळच्या खाडीकाठी, गुहागरच्या बाजूला. लहानपणापासून आम्ही रात्रीच्या एसटीने गेलो. डोळा लागायचा तो पनवेल सोडल्यावर आणि उघडायचा तो चिपळूणला. अब्बा मात्र तरुणपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने यायचे. वाटेतली बंदरे त्यांना क्रमाने पाठ होती. त्या बंदरांच्या वाटेने एकदा जावे, हे फार दिवस मनात होते.

आणखी एक काम होते. अब्बा गेल्यापासून गावचे घर बंद आहे. धाकट्या भावाला मुलाच्या शिक्षणासाठी पैसे हवेत, म्हणून घर विकायचे ठरत होते. त्याआधी आपाचे हक्कसोडपत्र हवे. आपा हर्णैजवळ दिलेली आहे. भाऊ म्हणाला, "भाईजान, तुम्ही वाटेवरूनच जाणार आहात. मसुद्यावर तिची सही घेऊन या, नोंदणीचे नंतर बघू." त्यात मला काही वावगे वाटले नाही. आमच्या आत्यांनीही अशीच सही केली होती. कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कॅरिअरच्या थैलीत तळाशी ठेवला. वर दोन कपडे, जादा ट्यूब, पंप, पंक्चरचे सामान, खजूर आणि जानमाज.

फजरनंतर घर सोडले. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला उतरलो. आजी बोटीचे नाव काढू द्यायची नाही. १७ जुलै १९४७ ला रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली. तिची भीती त्या दिवसापासूनची. मी तिच्यासाठी दुआ केली आणि पायडल मारले.

अलिबाग, रेवदंडा, साळावचा पूल, कोर्लई, काशीद करत संध्याकाळी मुरूड. पहिल्या दिवशीच कोकणचा रस्ता समजला. नकाशावर तो समुद्राकाठून सरळ जातो. प्रत्यक्षात तो खाडीपाशी खाली उतरतो आणि खाडी ओलांडली की सड्यावर चढतो. जेवढे उतरलात तेवढे चढायचे, यात सूट नाही. चढावर हलका गियर टाकून सावकाश पाय फिरवत राहावे. जोर लावला की गुडघे बोलू लागतात. तहान लागायची वाट न पाहता घोट घोट पाणी प्यावे. माझ्यासारख्या साखरवाल्याने खिशात काहीतरी गोड ठेवावेच. दुपारच्या उन्हात थांबून जुहर आणि असर एकत्र, कसर पढायचो. शाफई मजहबातली ही सवलत पुस्तकात वाचली होती, तिची किंमत सायकलवर कळली.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून फेरीबोटीने दिघीला उतरलो. दिवेआगर ओलांडल्यावर मागचे चाक बसले. काचेचा तुकडा घुसला होता. रस्त्याकडेच्या वाडीतून एक गृहस्थ बाहेर आले, गळ्यात तुळशीची माळ. काही न बोलता चाक धरून बसले. माझी दाढी-टोपी पाहून ते काय विचारतील, अशी धाकधूक मला होती. खोटे कशाला सांगू, हल्ली ती असतेच. त्यांनी विचारले, "गाव कोणतं?"

मी सांगितले. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे वेलदूरच्या बाजूला. आमची धाकटी आत्या तिकडे दिलीय." पंक्चर होईपर्यंत त्या आत्याची कथा चालली आणि निघताना दोन शहाळी पिऊनच उठावे लागले.

मग लक्ष देऊन ऐकू लागलो. श्रीवर्धनच्या चहावाल्याने हेच विचारले, बागमांडल्याहून वेश्वीला जाताना फेरीबोटीवर तिकीट फाडणाऱ्यानेही. नाव नंतर, नोकरी त्याहून नंतर. गाव सांगितले की समोरचा ओळखीची वाट शोधतो, आणि ती वाट बहुतेक एखाद्या बाईपाशी निघते. कुणाची बहीण तिकडे दिलेली असते, कुणाची आई तिकडची असते. वाटले, खाडीला पूल सरकार आत्ता बांधते आहे. गावाला गाव या लेकींनी कधीच जोडले आहे. त्याच वेळी थैलीच्या तळचा कागद आठवला. आपण कुठे निघालो आहोत हे आठवले.

तिसऱ्या दिवशी केळशी, आंजर्ले करत आपाच्या दारात पोहोचलो तेव्हा सूर्य टेकला होता. ती ओटीवरच उभी होती. मला पाहून आधी रडली, मग रागावली. "या वयात हे काय चाळे?" गरम पाण्याने आंघोळ, तांदळाची भाकरी, मासळीचे सालन, सांदण. शेजारीण डोकावली आणि मला उद्देशून म्हणाली, "हा आमच्या गुहागरवालीचा भाऊ ना?" आपाला इथे येऊन पस्तीस वर्षे झाली. अजून ती गुहागरवालीच.

इशानंतर तीच म्हणाली, "कागद आणलायस ना? काढ." भावाने फोन केला होता. चष्मा लावून तिने खालची जागा शोधली आणि सही केली. वाचलेसुद्धा नाही. पेन परत देत म्हणाली, "पोराचं शिक्षण होतंय, चांगलं आहे." मी काहीच बोललो नाही. आज मला त्याचीच लाज वाटते.

चौथ्या दिवशीचे चढ सर्वांत जड गेले. थैलीचे वजन तेवढेच होते. दाभोळला उतरताना उतार तीव्र. ब्रेक सतत दाबून धरले तर रिम तापते, म्हणून दाबत-सोडत उतरलो. खाली खाडीकाठी आदिलशाहीतली शाही मशीद उभी आहे. एकेकाळी इथून मक्केला हाजी जात. तिथे घटकाभर टेकलो आणि फेरीबोटीने धोपाव्याला उतरलो.

गावच्या मशिदीत असरची जमात उभी राहत होती. मनात आले, मी इथे मुसाफिर की मुकीम? दोन रकात की चार? इमामाच्या मागे होतो म्हणून चार पढलो. प्रश्न मात्र सलाम फेरल्यावरही तसाच राहिला.

घराचे कुलूप उघडले. जाळी, धूळ, वाळवी, असे काहीबाही पाहायची तयारी ठेवली होती. अंगण झाडलेले, कौले शाकारलेली, अब्बांची आरामखुर्ची पुसून भिंतीला लावलेली. शेजारच्या कुणब्याच्या काकी आल्या. म्हणाल्या, "तुमची आपा येते की दर मे महिन्यात. दोन एसट्या बदलून. चार दिवस राहते, झाडलोट करते, कौलं बसवून घेते. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हते. घर बंद आहे, असे आम्ही दोघे भाऊ समजत होतो. ते बंद नव्हते.

वारशात बहिणीचा हिस्सा भावाच्या निम्मा आहे, पण तो अल्लाहने ठरवून दिलेला आहे. भावाने मेहरबानी म्हणून द्यायचा किंवा रिवाज म्हणून ठेवून घ्यायचा नाही. हे मी मदरशात शिकलो, मुलांनाही सांगतो. तरी तो कागद मीच चार दिवस वाहून आणला होता. त्या संध्याकाळी तो चुलीत घातला आणि आपाला फोन लावला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाय दुखत असतील. खोबरेल तेल लाव."

भाऊ नाराज झाला, अजून आहे. त्याची गरज खोटी नाही. आधी तिघांचे हिस्से ठरतील, मग विकायचे की ठेवायचे ते तिघे मिळून ठरवू. कदाचित विकावेही लागेल. पण त्या दिवशी आपासमोर आधी पेन नाही, प्रश्न ठेवला जाईल, इन्शाअल्लाह.

परत मी एसटीनेच आलो, सायकल टपावर बांधून. या वेळी खिडकीशी बसलो, जागा.