जीपगाडी : साहेबाच्या दारातून वडापच्या अड्ड्यावर

सोलापूर जिल्ह्यात, तसेच शेजारच्या सांगली, सातारा, कोल्हापूर भागात 'वडाप' हा शब्द लहान पोरालाही कळतो. मुंबईहून आलेल्या पाहुण्याला मात्र तो समजावून सांगावा लागतो. तिकीट नाही, वेळापत्रक नाही. भरली की निघाली आणि हात केला की थांबली, अशी गाडी म्हणजे वडाप. आज मॅजिक, क्रूझर, तीनचाकी अशा कितीतरी गाड्या वडाप करतात. पण हा धंदा गावोगाव रुजवला तो जीपने. त्या जीपची आणि सोलापूर ते अक्कलकोट या सुमारे ४० किलोमीटरच्या रस्त्याची हकिकत वाचकांपुढे ठेवत आहे.

जीपचा जन्म लढाईतला. १९४० साली अमेरिकन लष्कराला हलकी, उघडी आणि चारही चाकांना इंजिनचा जोर मिळेल अशी गाडी हवी होती. बँटम नावाच्या लहानशा कंपनीने ४९ दिवसांत पहिला नमुना उभा केला. पण मोठी कामे मिळाली ती विलीज आणि फोर्ड या कंपन्यांना. गरिबाने काढलेली कल्पना आणि श्रीमंताने भरलेले गोदाम, हे तिकडेही चुकत नाही! १९४५ मध्ये महायुद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या होत्या.

त्याच वर्षी आपल्याकडे महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीज जीपचे सुटे भाग परदेशातून आणून मुंबईत जोडण्याचे काम या कंपनीने सुरू केले आणि हळूहळू संपूर्ण गाडी इथेच बनू लागली. स्वतंत्र भारतातला पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, लष्करासाठी १९४८ मध्ये केलेल्या खरेदीचा.

जीप खेड्यात आली ती सरकारी गाडी म्हणून. मामलेदाराची जीप, फौजदाराची जीप, धरणाच्या इंजिनिअरची जीप, निवडणुकीत उमेदवाराची भोंगा बांधलेली जीप. गावात जीप आली म्हणजे जप्ती आली, चौकशी आली, नाहीतर मत मागायला कुणीतरी आले. १९७२ च्या दुष्काळात आमच्या जिल्ह्यातल्या हजारो बायाबापड्या रस्त्याच्या कामावर खडी फोडत होत्या. माझी आजी त्यांत होती. साहेबाची जीप आली की मुकादम ओरडायचा, बाया पदर सावरून हातोडी जोरात चालवायच्या आणि जीप गेली की तोंडावर धूळ बसायची. आजीच्या तोंडी जीपचे नावच 'धुरळा' होते. त्या गाडीत आपले कुणी बसेल, ही गोष्ट त्या पिढीच्या स्वप्नातही नव्हती. मग ती चालवणे तर दूरच.

चाक कुणाच्या हातात, हा प्रश्न आपल्यासाठी कधीच साधा नव्हता. १९०१ साली बालवयातले बाबासाहेब भावंडांसह वडिलांना भेटायला निघाले आणि मसूर स्टेशनवर उतरले. मुले महार आहेत हे कळल्यावर एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल झाला, तोही या अटीवर की बैल मुलांनीच हाकावेत आणि तो बाजूने चालेल. पुढे १९२९ साली चाळीसगावला तेच घडले. तोवर बाबासाहेब बॅरिस्टर झाले होते, विधिमंडळाचे सदस्य होते, सरकारी चौकशी समितीच्या कामावर होते. तरी टांगेवाला त्यांना घेऊन जाईना. वस्तीतल्या माणसांनी टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला टांग्याची सवय नव्हती. पुलावर टांग्याला अपघात झाला, बाबासाहेब दगडी फरसबंदीवर फेकले गेले आणि पायाचे हाड मोडले. या दोन्ही हकिकती त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' मध्ये स्वतः लिहून ठेवल्या आहेत. त्या टांगा हाकणाऱ्या माणसाचा मी अनेकदा विचार करतो. त्याला टांगा येत नव्हता, कारण त्याच्या हातात लगाम कुणी कधी दिलाच नव्हता.

आता १९९० च्या दशकाकडे येऊ. सोलापूरच्या कापड गिरण्या एकामागून एक बसत होत्या. आमचे चुलते, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, साच्यावर कामाला होते. गिरणीचा भोंगा बंद झाला तेव्हा मी शाळेत होतो. काही महिने त्यांनी मिळेल ते काम केले आणि मग काकूच्या पाटल्या मोडून, वर एका पतसंस्थेचे कर्ज काढून जुनी कमांडर जीप घेतली. महिंद्राची ही लांब गाडी तेव्हा वडापवाल्यांची लाडकी होती. तिच्या जोडीला बजाज टेम्पोची ट्रॅक्स होती. ट्रॅक्सचे इंजिन मर्सिडीजच्या बनावटीचे, त्यामुळे ट्रॅक्सवाला ड्रायव्हर "आमचं इंजिन मर्शिडीचं हाय" असे मिशीवर ताव देत सांगायचा. तात्या म्हणायचे, "मर्शिडीचं असू दे, पाटे तर इथलेच हायत न्हवं?"

आमच्या वस्तीतली ती पहिली चारचाकी. पुढच्या काचेवर तात्यांनी निळ्या अक्षरांत 'जय भीम' लिहून घेतले. अड्ड्यावरच्या दोस्तांनी काळजीपोटी सल्ला दिला, "तात्या, धंद्याच्या गाडीवर नको लिहू, सीट तुटतील." आणि सीट तुटत होते, हे खरे आहे. वळसंगच्या पुढे काही माणसे हात वर करायची, गाडी जवळ आली की काच वाचून हात खाली घ्यायची. सुट्टीत मी मागे किन्नर म्हणून लटकत असे, त्यामुळे हे माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. एकदा एका वयस्कर पाव्हण्याने पुढच्या सीटवर बसल्या बसल्या विचारले, "गाडी कुणाची रं? मालक कुठला?" तात्यांनी गिअर टाकत सांगितले, "मालकच चालवतोय की, आजोबा." पुढे वळसंग येईपर्यंत दोघेही बोलले नाहीत. उतरताना आजोबांनी मोजून पैसे दिले आणि तात्यांनी मोजून घेतले. दोस्तांच्या सल्ल्यावर काकूचे उत्तर ठरलेले होते : "पाटल्या माझ्या गेल्यात. अक्षरं पुसायची न्हाईत."

हात खाली घेणारे थोडे होते, बसणारे पुष्कळ. याचे श्रेय मी माणसांच्या मनाला फारसे देत नाही, ते एसटीच्या वेळापत्रकाला देतो. सकाळची एक गाडी आणि संध्याकाळची एक, एवढ्यावर ज्या गावाचा दवाखाना, बाजार आणि कोर्ट चालते, तिथे काच वाचत बसायला वेळ कुणाला? आणि एकदा आत शिरले की कमांडर कुणाचे काही चालू देत नसे. पुढे ड्रायव्हरच्या डावीकडे तिघे, गिअरच्या दांड्याच्या दोन बाजूंना पाय टाकून एक, कधी ड्रायव्हरच्या उजव्या मांडीवर अर्धा असा आणखी एक. मधल्या सीटवर चार मोठे आणि मांडीवरची लेकरे वेगळी. मागे समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा. कुंभारीचा विणकर तेलुगू बोलणार, अक्कलकोटकडची बाई कन्नड, दुधाच्या किटल्यावाला मराठी. "बर्री, कुंद्री" आणि "सरका की मावशी" एकाच दमात म्हणणारा किन्नर तिन्ही भाषा शिकून जायचा. ज्यांच्या आज्याने आमच्या आज्याला ओढ्याच्या वरच्या अंगाला पाणी भरू दिले नव्हते, त्यांच्या घामाचा वास आम्हाला आणि आमच्या घामाचा त्यांना ४० किलोमीटर घ्यावा लागे. याला कुणी समता म्हणावे असे मी म्हणत नाही. ती दाटी होती.

इतकी माणसे का कोंबायची, असे शिकलेले लोक विचारतात. मी कॉमर्सचा विद्यार्थी. कॉलेजात असताना तात्यांचा हिशोब मांडून दिला होता. नऊ सीटला डिझेल सुटायचे. चौदा झाले की पतसंस्थेचा हप्ता आणि रस्त्यावरचे इतर 'हप्ते' निघायचे. सतराव्या माणसापासून पुढे घरची भाजी. म्हणजे कायद्याने बसवायची तेवढीच माणसे बसवली तर तात्या फुकट ड्रायव्हर. त्यात घसारा मी धरला होता, तो पाहून तात्या म्हणाले, "ही कसली रक्कम? ही तर कुणी मागायला येत न्हाई." सहा महिन्यांनी क्लचप्लेट, मागचे पाटे आणि दोन टायर एकदम गेले, तेव्हा ती रक्कम मागायला आली.

जीप म्हटले की डोंगर चढणारी, चिखल तुडवणारी गाडी डोळ्यांपुढे येते. खरी गोष्ट अशी की वडापच्या बहुतेक कमांडर आणि ट्रॅक्स गाड्यांना जोर फक्त मागच्या दोन चाकांना असे. चारही चाकांना जोर देणारी गाडी महाग, डिझेल जास्त खाणारी आणि दुरुस्तीला खर्चिक. ती लष्कराला आणि सरकारी खात्यांना परवडते. आमच्या भागातली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि परतीच्या पावसात साबणासारखी होते. चिखल चाकाला असा लपेटतो की टायरच्या नक्षीचा पत्ता लागत नाही. पक्का रस्ता सोडून आतल्या गावी बाळंतीण किंवा आजारी माणूस आणायला गेलेली कमांडर पुष्कळदा फसायची. मग सगळे उतरून ढकलणार, चाकाखाली तुरीच्या काड्या, गोणपाट, सापडेल ते टाकणार. नाहीच निघाली तर बैलजोडी. तरीही माणसे जीपलाच बोलवायची. कारण ती उंच होती, पाटे मजबूत होते आणि तिचे जवळजवळ प्रत्येक दुखणे गावचा मिस्त्री पाना-हातोडीने दुरुस्त करू शकत होता. जीपचा दणकटपणा लोक इंजिनात शोधतात. मला तो या सोप्या बांधणीत दिसला.

आता कटू बाजूही सांगितली पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार टप्प्याटप्प्यावर माणसे चढवत-उतरवत भाडे घ्यायला वेगळा परवाना लागतो, आणि तो बहुतेक वडापवाल्यांकडे नव्हता. एसटी स्थानकापासून २०० मीटरच्या आत खाजगी गाडीने प्रवासी घेऊ नयेत असा नियम आहे, तोही रोज मोडला जाई. वडापमुळे एसटीचे उत्पन्न बुडाले, ही एसटी कामगारांची तक्रार खोटी नाही. त्या कामगारांतही आपली माणसे आहेत. ऑक्टोबर २०२१ पासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा माझा एक मावसभाऊ कंडक्टर म्हणून संपावर होता आणि तात्यांचा मुलगा वडापवर दुप्पट खेपा मारत होता. त्या दिवाळीला दोघे एका पंगतीत बसले, पण एकमेकांशी धंद्याचा विषय काढला नाही. शिवाय टपावर आणि मागच्या पाटीवर लटकून जाणारी किती तरणी पोरे अशा गाड्यांवरून पडून गेली, हे वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. हिशोबात सतरावा माणूस घरची भाजी आणतो, हे मीच मांडले होते. पण तो सतरावा माणूस लटकलेला असतो.

आता काळ बदलला. सन २००० मध्ये बोलेरो आली, तिने कमांडरची जागा घेतली. २०१० मध्ये 'थार' आली आणि २ ऑक्टोबर २०२० ला तिचे नवे रूप. जुन्या जीपचाच चेहरा, पण आत गारवा, गाणी आणि मऊ सीट. सोलापुरातही त्या रुबाबात फिरताना दिसतात. काळ्या रानात उतरलेल्या मात्र क्वचित दिसतात. आपल्या समाजातल्याही काही नोकरदार, ठेकेदार मुलांनी थार घेतली आहे, काचेवर निळी अक्षरे आहेत. चांगले वाटते. तिच्यात चौघेच बसतात, एवढेच माझ्या काकूला पटत नाही.

तात्यांची कमांडर बारा वर्षे चालली आणि मग इंडी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला विकली. त्यातून दोन मुलींची लग्ने आणि माझ्या बी.कॉम.च्या तीन वर्षांची फी निघाली. अजूनही कुणी जुनी जीप घेऊन पोट भरायचा विचार करत असेल तर कारकून म्हणून चार गोष्टी सांगतो. पासिंग खाजगी आहे की भाड्याचे, ते आधी बघा. खाजगी पासिंगच्या गाडीत भाडे घेऊन माणसे बसवली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि मग घर विकावे लागते. चासी नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा, दलालाच्या तोंडावर जाऊ नका. खाजगी गाडीची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, नंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवावी लागते. ती संपलेली गाडी स्वस्त मिळते आणि महाग पडते. आणि मागची पाटी कापून टाका. तात्यांनी शेवटच्या दोन वर्षांत ती कापली होती. रोजचे तीन सीट कमी झाले, तेवढ्यासाठी काकूने शिवणयंत्र घेतले.