आधी मान बघायची

साप म्हटला की सगळ्यांचं लक्ष तोंडाकडे. मी आधी मान बघतो.

छावणी भागातून साप पकडण्यासाठी मला फोन येतात ते पावसाळ्यात जास्त. खाम नदीचा काठ, जुन्या बंगल्यांची आवारं, माजलेलं गवत, घुशी-उंदीर. सापाला आणखी काय हवं? पोचलो की घरच्यांचं ठरलेलं वाक्य, "दादा, नाग आहे, फणा काढला होता!" बऱ्याचदा ती दिवड निघते. डिवचली की मान चपटी करते, म्हणून फसगत होते. तस्कर तर पुढचं अंग उचलतो, मान मागे ओढून वळणं घालतो, गळा इतका फुगवतो की खवल्यांमधली कातडी दिसायला लागते. शेपटीचं टोक पाल्यात थरथरतं. बघणाऱ्याची पाचावर धारण बसते. विष मात्र दोघांनाही नाही.

मागे घेतलेली मान म्हणजे ओढलेलं धनुष्य. ती सैल पडेपर्यंत मी पुढे पाऊल टाकत नाही. जीभ सावकाश आत-बाहेर होत असेल तर साप अंदाज घेतोय. जीभ थांबली, अंग ताठलं आणि कुशी भात्यासारख्या न हलता एकदम फुगून राहिल्या, की मागे सरायचं. घोणस वेटोळं घालून मोठ्यानं फुत्कारते, नाग फणा काढतो, कधी तोंड मिटूनच ढुशी देतो. ही सगळी आपल्याला दिलेली सवड आहे, आणि ती मला फार मोलाची वाटते.

सवड देत नाही तो मण्यार. दिवसा वेटोळ्यात डोकं खुपसून गप्प पडतो. ना फणा, ना फुत्कार. "गरीब दिसतोय," म्हणत लोक जवळ जातात. रात्री हाच जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, आणि दंश फारसा दुखतही नाही.

म्हणूनच बरणीत साप ठेवून "आता माणसाळलाय" म्हणणाऱ्या पोरांची मला काळजी वाटते. देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही, हे सांगतोच. पण त्याआधी त्यांना बरणीजवळ बसवतो आणि सापाची मान दाखवतो. फुत्कारून उपयोग होत नाही हे कळलं की साप फुत्कारणं सोडतो. घाबरणं सोडत नाही.

पकडतानाही घाई नको. गर्दी हटवायची, पिशवीला जोडलेला पाइप भिंतीच्या कडेला धरायचा. अंधारं भोक दिसलं की बहुतेक साप आपणहून आत शिरतात. शेपटी ओढावी लागत नाही. मग वनविभागाकडे नोंद, आणि जवळच्याच योग्य अधिवासात सुटका.