जामखेडच्या मावशींचे देणे

आरोग्यव्यवस्थेबद्दल मला जे थोडेफार कळते, त्यातले बरेचसे जामखेडच्या एका मावशींकडून उसने घेतलेले आहे. मावशी गावच्या आरोग्य कार्यकर्त्या, दलित वस्तीत राहणाऱ्या, शाळेत कधी न गेलेल्या. मी सामाजिक वैद्यकशास्त्राची पदवी घेऊन प्रशिक्षणाला आलेली. वहीत रकाने आखून विचारले, "मावशी, गावातले जुलाब कशानं कमी झाले?"

"आधी पोरं हालीबॉल खेळाया लागली," त्या म्हणाल्या.

मला वाटले, प्रश्न कळला नाही. पण त्यांचे चालूच होते. सगळ्या जातींची पोरे एका मैदानावर आली, त्यातून शेतकरी मंडळ झाले. मग हातपंप आला तो वस्तीत. पाण्याला सगळ्या बाया तिकडे यायला लागल्या, पंपावर बोलणे सुरू झाले. "मंग माझं मीठ-साखरेचं पाणी त्यांच्या पोरांच्या तोंडी लागलं. त्याआधी माझ्या हातचं कोण घेतंय, ताई?"

पंपाची जागा योगायोगाने ठरलेली नव्हती. जामखेडचा आरोग्य प्रकल्प उभारणाऱ्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने दलित वस्तीतली जागा मुद्दाम धरली होती. १९७० मध्ये ते जामखेडला आले तेव्हा त्या भागात हजार जन्मांमागे १७६ बाळे वर्षाच्या आत दगावत. सुरुवातीला त्यांनी शिकलेल्या नर्स गावोगाव पाठवल्या. गावांनी त्यांना आपले मानले नाही. तेव्हा गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवायचे ठरले, आणि त्या बायका दर आठवड्याला जामखेडला येऊन शिकू लागल्या. लोकांनी आधी पाणी आणि अन्न मागितले, म्हणून दवाखान्याबरोबर तेही हाती घेतले. पुढे बालमृत्यू कितीतरी पटींनी घटले. यातले श्रेय पंपाला किती, मावशींना किती, हालीबॉलला किती? माझ्या वहीत असा रकाना नव्हता, आजही कुठल्या अहवालात तो मला दिसलेला नाही.

हा गुंता पुढे मला लेखांतही भेटला. २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्लसेक आणि ग्रीनहाल्श यांचा आरोग्यसेवेतल्या गुंतागुंतीवरचा लेख आला. पुढच्याच वर्षी कॅनडात ग्लौबरमन आणि झिमरमन यांनी मांडले की चंद्रावर यान पाठवणे किचकट खरे, पण एकदा जमले की दुसऱ्यांदा सोपे जाते. मूल वाढवण्याचे तसे नाही, पहिल्याचा अनुभव दुसऱ्याला जसाच्या तसा लागू पडत नाही. मी हे सगळे आवडीने वाचले, शिकवलेही. पण परिणाम आधी सांगता येत नसेल तर तोवर माणसाने करायचे काय, हे मला जामखेडला त्या बायकांच्या साप्ताहिक बैठकीत दिसले होते. कुणी काय केले, त्याचे काय झाले, आता काय करायचे, एवढेच तिथे चाले. डॉक्टरही ऐकत बसत. (डॉक्टर ऐकत बसलेत, हे दृश्य मला तोवर नवे होते.)

जामखेडचा कित्ता पुष्कळांनी गिरवला. माझे मत असे, की बहुतेकांनी कार्यकर्ती तेवढी उचलली आणि बैठक मागेच ठेवली. २००५ नंतर सरकारी योजनेतल्या आशाताई गावोगाव आल्या, जीव तोडून काम करतात. त्यांच्या बैठकांचा बराच वेळ मात्र आकडे भरण्यात जातो.

मावशींचे देणे मी हप्त्याहप्त्याने फेडते आहे. एखाद्या जिल्ह्याची योजना अभिप्रायाला आली की मी आधी शोधते, यात काम करणारी माणसे एकमेकांना केव्हा आणि कुठे भेटणार? सहसा ते लिहिलेले नसते. मग मी बसभाडे, चहा आणि दुपारचे जेवण अशी एक बाब खर्चात घालते. मंजुरीत पहिली कात्री तिलाच लागते. पुढच्या वर्षी मी ती पुन्हा घालते.