मापात पाप नको

सांगलीत पूर येणार की नाही, हे सांगलीच्या आभाळाकडे बघून कळत नाही. त्यासाठी सातारा जिल्ह्याच्या आभाळाकडे बघावं लागतं. कृष्णा महाबळेश्वरची, कोयनाही तिथलीच. दोघी कराडला प्रीतिसंगमावर भेटतात आणि एकत्र खाली येतात. पुढं हरिपूरला वारणा येऊन मिळते. त्यामुळं सांगलीत लख्ख ऊन पडलेलं असतं, वाळत घातलेले कपडे वाळतात, आणि आयर्विन पुलाखाली पाणी मात्र फुटाफुटानं चढत असतं. पाऊस पडतो एका जिल्ह्यात, त्याचा हिशेब चुकवतो दुसरा जिल्हा.

माझं काम या हिशेबाशी जोडलेलं आहे. हवामानाची मॉडेल्स महासंगणकावर चालवणं आणि ती बिघडली की दुरुस्त करणं, यात माझी बरीच वर्षं गेली. नातेवाइकांत माझी ओळख ‘पावसाचं बघतो तो’ अशी आहे. खरं तर मी पावसाचं काहीच बघत नाही. मी बसतो त्या खोलीला खिडकीसुद्धा नाही. पावसाचं गणित हजारो प्रोसेसरांत वाटून दिल्यावर कुठं बिघडत तर नाही ना, एवढंच मी बघतो. या कामाबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून आज लिहितोय.

आधी हे गणित वाटावं का लागतं ते सांगतो. मॉडेल म्हणजे सगळ्या पृथ्वीवर अंथरलेली चौकटींची जाळी. प्रत्येक चौकटीवर हवेचे थर. प्रत्येक थरात वारा, तापमान, दाब, बाष्प. पृथ्वीचं क्षेत्रफळ सुमारे ५१ कोटी चौरस किलोमीटर आहे. १२ किलोमीटरची चौकट धरली तर सुमारे ३५ लाख चौकटी होतात. वर ६४ थर धरले तर साडेबावीस कोटींहून अधिक कप्पे. दर काही मिनिटांच्या टप्प्यानं या प्रत्येक कप्प्याचं गणित पुन्हा मांडायचं, असं दहा दिवसांपर्यंत. चौकट १२ वरून ६ किलोमीटरवर आणली की चौकटी चौपट होतात, वेळेचा टप्पाही साधारण निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट.

मग एवढी बारीक चौकट हवी कशाला? साताऱ्याचा माणूस हा प्रश्न विचारणार नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला त्याहून कितीतरी कमी, घाट उतरून वाईला आणखी कमी. त्याच जिल्ह्यात माण तालुका पाण्याच्या टँकरची वाट बघत असतो. इकडं सांगलीतही शिराळा भिजतं आणि जत-आटपाडी कोरडी राहते. चौकट मोठी असली की मॉडेलमधला सह्याद्री सपाट होतो. डोंगर आणि दरी यांची सरासरी निघते, आणि सरासरीच्या डोंगरावर सरासरीचाच पाऊस पडतो. पण पूर काही सरासरीनं येत नाही.

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिथं २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक आला, ४ पेटाफ्लॉप क्षमतेचा. एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला दहा कोटी कोटी आकडेमोडी. २०२४ साली ‘अर्क’ आला, ११.७७ पेटाफ्लॉपचा. मे २०२५ मध्ये ६ किलोमीटर चौकटीची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली. याच संस्थेनं २०१२ साली महाबळेश्वरला ढगांची प्रयोगशाळा उभारली. पावसाळ्यात तिथं ढग खिडकीतून आत येतो. अभ्यासाला याहून चांगली जागा कुठली?

पुण्याचं आणि महासंगणकाचं नातं जुनं आहे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हवामानाच्या कामासाठी भारतानं अमेरिकेकडून क्रे कंपनीचा महासंगणक घेतला. पण हवा होता तेवढा ताकदवान मिळाला नाही, आणि जो मिळाला तो अटींसह. त्याच काळात, १९८८ मध्ये, पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. त्यामागचा विचार साधा होता. एक अचाट पैलवान मिळत नसेल तर पुष्कळ साधे गडी एकत्र जुंपायचे. यालाच समांतर संगणन म्हणतात. आजचे सगळे महासंगणक याच वाटेनं चालतात.

ही कल्पना मात्र संगणकाच्याही आधीची आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज शास्त्रज्ञानं १९२२ साली एक पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं एका प्रचंड गोल सभागृहाचं चित्र रंगवलं. भिंतीवर पृथ्वीचा नकाशा, आणि ६४,००० माणसं आपापल्या वाट्याचं गणित करून शेजाऱ्याला आकडा सांगताहेत. मधोमध उंचावर बसलेला एक जण सगळ्यांची गती सारखी ठेवतोय. आजचा महासंगणक म्हणजे हेच सभागृह. रिचर्डसन युद्धविरोधी होता. पहिल्या महायुद्धात त्यानं बंदूक घेतली नाही, रुग्णवाहिका चालवली. त्या धामधुमीत त्यानं २० मे १९१० या दिवसाचं सहा तासांचं हवामान हातानं काढून बघितलं. उत्तर आलं, हवेचा दाब १४५ हेक्टोपास्कलनं वाढेल. प्रत्यक्षात दाब जवळपास हललाच नव्हता. पुढं संशोधकांनी तपासलं तेव्हा कळलं, की पद्धत मुळात बरोबर होती, पण सुरुवातीच्या नोंदींमध्ये वारा आणि दाब यांचा मेळ नव्हता. रिचर्डसननं ते चुकलेलं उत्तर लपवलं नाही, पुस्तकात छापलं. मला त्याचं हे वागणं त्याच्या सभागृहाइतकंच मोठं वाटतं.

आता वाटणीतल्या भानगडीकडे येतो. माझे अब्बा सांगलीच्या मार्केट यार्डात मापाडी होते. हळदीचा हंगाम जोरात असला की एकाच मालाला चार-चार मापाडी लागायचे. प्रत्येकाची चिठ्ठी वेगळी, शेवटी सगळ्यांची बेरीज एका पट्टीवर. समजा तीन पोती आहेत, प्रत्येकी ५० किलो ४०० ग्रॅमची. प्रत्येक पोत्याचे वरचे ग्रॅम सोडले तर बेरीज १५० किलो. आधी बेरीज करून शेवटी ग्रॅम सोडले तर १५१ किलो. लबाडी कोणीच केलेली नाही, तरी एक किलो हळद गेली कुठं?

संगणकातही अगदी हेच होतं. तो प्रत्येक संख्येचे साधारण सोळाच अंक धरतो, पुढचे सोडून देतो. मोठ्या संख्येत एकदम बारीक संख्या मिळवली तर बारीक संख्या हरवते. बारीक संख्या आधी एकमेकींत मिळवल्या तर त्या टिकतात. म्हणजे शाळेत शिकलेला नियम, की बेरीज कुठल्याही क्रमानं करा उत्तर एकच, तो इथं चालत नाही. तेच काम १०० प्रोसेसरांना वाटलं आणि मग २०० प्रोसेसरांना वाटलं, तर शेवटच्या अंकात फरक पडू शकतो. आणि हवामान अशा फरकाला माफ करत नाही. १९६१ साली एडवर्ड लॉरेन्झनं ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ हा आकडा दिला आणि थोड्याच काळात त्याच्या मॉडेलचं हवामान पार वेगळ्या वाटेला गेलं.

आमच्या धंद्यातली खरी अडचण इथंच आहे. निसर्गाची अनिश्चितता खरी आहे, ती कधीच जाणार नाही. पण तिच्या पदराआड माणसाची चूकही लपू शकते. दोन उत्तरं वेगळी आली की ‘हवामान आहे, चालायचंच’ असं म्हणून मोकळं होता येतं. जो बग प्रोग्राम बंद पाडतो तो प्रामाणिक. तो स्वतःहून सांगतो की मी इथं आहे. जो बग पटण्यासारखं चुकीचं उत्तर देतो, त्याची भीती वाटते.

असा एक बग मी जवळून बघितला आहे. एका ठिकाणी आम्ही प्रादेशिक मॉडेल चालवत होतो. पश्चिम घाटाचा भाग तुकड्यांत कापून प्रोसेसरांना वाटलेला. प्रत्येक तुकड्याला आपल्या कडेला शेजाऱ्याचे आकडे लागतात, कारण वारा काही तुकड्याची हद्द मानत नाही. म्हणून दर टप्प्याला शेजारी एकमेकांना कडेचे आकडे पाठवतात. एके दिवशी एका सहकारी मुलीनं नकाशावर बोट ठेवलं. घाटाच्या जराशा पूर्वेला पावसाची एक बारीक रेघ होती, फूटपट्टीनं मारल्यासारखी सरळ. पाऊस थोडाच जास्त होता, कोणालाही खटकला नसता. ती म्हणाली, “सर, सह्याद्रीत सरळ रेघ कुठंय?”

रेघ नेमकी दोन तुकड्यांच्या हद्दीवर होती. तेच मॉडेल पुन्हा चालवलं, रेघ गायब. पुन्हा चालवलं, रेघ हजर. मधले आकडे बघावेत म्हणून ते छापायला सांगितलं, तर रेघ येईचना. पोलीस दारात आला की चोर साधू होऊन बसतो, तसं. आम्ही दोन आठवडे त्याच्यामागं होतो. शेवटी एक जुनी युक्ती वापरली. प्रत्येक टप्प्याआधी कडेच्या रकान्यांत मुद्दाम एक अशक्य आकडा भरून ठेवायचा. शेजाऱ्याचा आकडा वेळेत आला तर तो अशक्य आकडा पुसला जाईल. नाही आला तर गणित तिथंच फुटेल आणि जागा कळेल. फुटलं, आणि जागा कळली. कोडच्या एका जुन्या भागात ‘शेजाऱ्याचा आकडा येईपर्यंत थांब’ ही एक ओळच नव्हती. बहुतेक वेळा आकडा वेळेत पोचायचा. मशीनवर ताण असला की उशीर व्हायचा आणि मॉडेल मागच्या टप्प्याचा शिळा आकडा वापरून पुढं जायचं. आम्ही आकडे छापायला लावले की सगळंच मंदावायचं, शेजाऱ्याला वेळ मिळायचा, आणि बग लपायचा. ते जुनं पान कोणी लिहिलं होतं, हे कोणालाच सांगता आलं नाही. दुरुस्ती एका ओळीची होती.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. बकरी ईद १२ तारखेला होती, पण आमच्या गल्लीत त्या दिवशी ईद अशी नव्हतीच. घरं पाण्यात, माणसं शाळांत, मंगल कार्यालयांत, नातेवाइकांकडे. ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, त्याच आठवड्यात. मी पुण्यातून अब्बांना फोनवर सांगत होतो, घाटात अजून किती पाऊस आहे, कुठलं मॉडेल काय म्हणतंय. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “वो सब ठीक है, पानी कब आता वो बोल.”

या प्रश्नाचं उत्तर एकट्या मॉडेलकडे नसतं. पाऊस किती, त्यातला धरणात किती, धरणातून सोडला किती, खालच्या नद्या फुगलेल्या आहेत का, असे अनेक दुवे असतात. पण पहिला दुवा पावसाच्या आकड्याचा. साताऱ्याच्या घाटात पडलेलं पाणी सांगलीत पोचायला जो वेळ लागतो, तेवढंच नदीकाठच्या माणसाचं भांडवल. त्या वेळात म्हातारी माणसं हलवायची, जनावरं सोडायची, गल्ल्यातले पैसे आणि कपाटातली कागदपत्रं उचलायची. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी आल्या. डोंगराखालच्या माणसांना तर तेवढंही भांडवल मिळालं नाही.

म्हणून मला वाटतं, लोकांना दोन गोष्टी वेगवेगळ्या सांगायला हव्यात. ‘निसर्गामुळं नक्की सांगता येत नाही’ ही एक. त्यावर उपाय आहे: सुरुवातीचे आकडे किंचित बदलून मॉडेल पुन्हा पुन्हा चालवायचं. आपल्याकडे जून २०१८ पासून अशी २१ उत्तरं काढून शक्यता सांगितली जाते. दुसरी गोष्ट ‘आम्ही नीट तपासलं नाही’ ही. तिला कसलीही सबब चालत नाही. तेच काम एका वाटणीत आणि दुसऱ्या वाटणीत करून उत्तर शेवटच्या अंकापर्यंत जुळतंय का बघायचं. बेरजेचा क्रमसुद्धा ठरवून द्यायचा, म्हणजे फरक आला तर तो क्रमाचा आहे असं म्हणायला जागा उरत नाही. दहा दिवस सलग चालवायचं आणि पाच-पाच दिवसांत तोडून चालवायचं, आणि ताडून बघायचं. काम कंटाळवाणं आहे, त्याची बातमी होत नाही. नव्या महासंगणकाचं उद्घाटन होतं, बग काढल्याचं होत नाही.

वजनकाट्याची दरसाल तपासणी होऊन त्यावर शिक्का बसतो. तो शिक्का शेतकऱ्याचा विश्वास असतो. अब्बा रोज सकाळी पहिलं पोतं चढवण्याआधी रिकामा काटा शून्यावर आहे का बघायचे. कोणी बघत असो वा नसो. मापात पाप नको, एवढंच त्यांचं म्हणणं. पावसाच्या मापालाही तोच नियम लागू आहे. फरक इतकाच की इथं काटा चुकला तर एक किलो हळद जात नाही, खालच्या गावाचे चार तास जातात.