फुलोरा

एका कॅनेडियन कथेचा अनुवाद करताना मी एका शब्दाशी महिनाभर अडले होते. कथेतली म्हातारी परसातल्या गांजाची फुलं फ्रिजमध्ये वाळवते. नवऱ्याला कॅन्सर, केमोनंतर त्याला घास गिळवत नाही. कॅनडात २०१८ पासून बहुतेक प्रांतांत घरटी चार झाडं लावता येतात, त्यामुळे तिथल्या वाचकाला दचकायचं कारण नाही.

मला आधी अडवलं फ्रिजनंच. रायपूरच्या मे महिन्यात वाळवण म्हणजे गच्ची. तात्यापाऱ्यात आमच्या गच्चीवर कुरडया, शेजाऱ्यांच्या गच्चीवर रखियाची बडी. गारठ्यात कोण वाळवतं? आई म्हणाली, "अगं, कागदाच्या पिशवीत मेथी विसरले होते, चुरा झाला तिचा." खरंच की. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये हवेतली वाफ आतल्या गार कॉइलवर गोठते, हवा कोरडी राहते. उन्हात पाण्याबरोबर वासही उडतो. थंडीत पाणी सावकाश जातं, वास मागे राहतो.

आपल्याकडची रीत वेगळी. रायपूर मध्य प्रांतात होतं तेव्हा त्याच प्रांतात खांडव्याला सरकारी परवान्यानं गांजा पिकायचा. १८९३-९४ च्या हेंप ड्रग्ज कमिशनच्या अहवालात गांजा तयार करण्याची वर्णनं आहेत: शेंडे उन्हात पसरायचे, ढीग घालायचे, पायांनी तुडवायचे, म्हणजे चीक फुलांना धरून राहतो.

पण माझा शब्द त्यात नव्हता. इंग्रजीत 'बड', म्हणून मी 'कळी' लिहिलं. ती कळी नसतेच. मादी झाडाच्या फुलांचा दाट झुबका असतो. 'मंजिरी' लिहिलं तर तुळस आठवते. नुसतं 'गांजा' लिहिलं की ओडिशाकडून येणारे पकडलेले ट्रक दिसतात, इथल्या पेपरात नेहमी असतात ते. आपल्या १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे हेच फुलांचे-फळांचे शेंडे. घरी एक झाड लावलं तरी दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

अफूही त्याच कायद्यात. २०११ साली बाबांच्या शेवटच्या दीड महिन्यात शहरातल्या एका दवाखान्यात मॉर्फिन मिळालं नाही. परवाना नाही, म्हणाले. रात्री बाबा उशी दातांत धरायचे. मॉर्फिनसाठी कायदा सैल झाला २०१४ मध्ये. आमच्या फ्रिजमध्ये तेव्हा त्यांची नाचणीची आंबील असायची, वाटीवर वाटी पालथी घातलेली. सकाळी ती तशीच निघायची. कथेतल्या फ्रिजचा परिच्छेद मी सगळ्यात शेवटी केला, तो यामुळेच.

शेवटी 'फुलोरा' लिहिलं आणि खर्डा आईला दिला. ती माझी पहिली वाचक.

"फुलोरा म्हणजे आपण महालक्ष्म्यांवर टांगतो तो? करंज्या, पापड्यांचा?"

"तोही. झाडाचाही असतो."

तिनं चष्मा पुसला, पान पुन्हा वाचलं.

"हिचा नवरा जेवला का गं मग?"

"दोन घास."

"मग राहू दे," ती म्हणाली.