जाण्या-येण्याचं अंतर

मंडपात पोचल्यावर साउंडवाला आधी पावलं मोजतो. टेम्पोतून बॉक्स उतरायचे असतात, आयोजक चहा घेऊन मागे लागलेले असतात. हा मात्र मिक्सरच्या टेबलापासून स्टेजच्या कडेपर्यंत सरळ रेषेत चालत असतो. चाळीस पावलं, म्हणजे साधारण तीस मीटर. पोऱ्या विचारतो, "शेठ, तीसची वायर सोडू?"

"तीसची सोड, पण हिशोबात साठची धर."

हे वाक्य त्याच्या उस्तादांचं. वीज स्पीकरपर्यंत जाते, तशी तिला मशीनमध्ये, म्हणजे ॲम्प्लिफायरमध्ये, परत यावंही लागतं. बघणाऱ्याला एकच वायर दिसते, पण तिच्या पोटात दोन तारा असतात आणि दोन्हींचा अडथळा मोजावा लागतो. उस्ताद शाळा सोडून या धंद्यात आलेले. त्यांना ओहमचा नियम पाठ नव्हता. पण परतीचा प्रवास ते कधी विसरले नाहीत.

त्यांच्या काळी दुकानात जाऊन 'चाळीस-शहात्तर' मागायची पद्धत होती. ४०/७६ म्हणजे आत चाळीस बारीक तारा आणि प्रत्येकीची जाडी ०.००७६ इंच. सगळ्या मिळून तांबं भरतं जेमतेम १.१७ चौरस मिलिमीटर. ऑर्केस्ट्राच्या एका बाजूला ८ ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की मशीनला ४ ओहम दिसतात. तीस मीटरवर ही वायर टाकली, तर जाऊन-येऊन सुमारे ०.९ ओहमचा अडथळा मध्ये उभा राहतो. मग बॉक्सला एरवी मिळाली असती त्यापेक्षा तिसरा हिस्सा कमी वीज मिळते. 'अडीच एमएम'ची वायर घेतली तर घट १८ टक्क्यांच्या आसपास येते, 'चार एमएम'ची घेतली तर बारावर.

आकडा ऐकून आयोजक दचकतात. तो दचकत नाही, कारण तिसरा हिस्सा वीज गेली तरी आवाज दोन डेसिबलनंही उतरत नाही. शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो फरक कळेलच असं नाही. मग एवढा जीव कशाला टाकायचा? त्याचं उत्तर ढोलकीत आहे. बॉक्सवर '८ ओहम' छापलेलं असलं, तरी स्पीकर प्रत्येक सुराला ८ ओहम राहत नाही. एखाद्या खर्जातल्या सुराला तो कितीतरी पट वर चढतो, दुसऱ्या सुराला सहाच्या जवळ येतो. बारीक वायर त्यामुळे सगळ्या सुरांमधून सारखी खंडणी घेत नाही. एकाचं जास्त खाते, दुसऱ्याला सोडून देते. परिणामी मशीनमधून निघालेली ढोलकी आणि बॉक्समधून बाहेर पडलेली ढोलकी यांच्या घुमाऱ्यात फरक पडतो. तो भरून काढायला ऑपरेटर बेस चढवतो, मशीनचा लाल दिवा लुकलुकायला लागतो आणि आवाज फाटतो.

पंधरा वर्षांपूर्वी त्यानं जाड वायर घ्यायचा विचार सोडला आणि मशीनच उचलून स्टेजच्या कडेला नेलं. मिक्सरकडून मशीनकडे जाणाऱ्या सिग्नलमध्ये वीज नगण्य असते. ती केबल बारीक असली आणि तीस मीटर धावली तरी बिघडत नाही. मशीनपासून बॉक्सपर्यंत आता पाच मीटर. अडीच एमएमच्या वायरीत जाऊन-येऊन ०.०७ ओहम. ज्या प्रश्नावर त्यानं कितीतरी किलो तांबं विकत घेतलं होतं, तो एका जागाबदलात सुटला. ते जुनं तांबं अजून गोदामात पडून आहे आणि तीसची साठ धरायची सवय जिभेवर.

हरिनाम सप्ताहात मात्र जागा बदलून भागत नाही. कीर्तन देवळात आणि कर्णे वेशीपर्यंत. मशीन देवळातच राहणार आणि वायर ३०० मीटर जाणार, जाऊन-येऊन ६००. चाळीस-शहात्तरमध्ये तो अडथळा ८.८ ओहम होतो. ४ ओहमच्या जोडणीत मशीनच्या विजेतली दोन तृतीयांशाहून जास्त वायरीतच जिरली असती. इथं कामाला येते १०० व्होल्टची लाइन. अहुजाच्या मशीनमागे पट्टीवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारी १०० व्होल्टचा स्क्रू असतो. दाब वाढवला की तेवढ्याच वॅटला करंट कमी लागतो आणि वायरीतली घट करंटच्या वर्गानं उतरते. २५० वॅट ४ ओहमवर द्यायला जवळपास ८ अँपिअर लागतात, १०० व्होल्टवर अडीचच. सगळे कर्णे टोकालाच आहेत असं धरलं, तरी त्याच वायरीत आता १८ टक्केच जातात.

प्रत्येक कर्ण्याच्या पाठीशी एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो. मग ओहमचं गणित संपतं आणि बेरीज सुरू होते: आठ कर्णे, प्रत्येकी ३० वॅट, झाले २४०, मशीन २५०चं, नववा कर्णा लावायचा नाही. गावातल्या कुणीतरी "अजून एक मारुतीपाशी लावा की" म्हटलं, की तो आठांपैकी दोघांचे वॅट खाली उतरवतो आणि मग नववा लावतो.

वायरीच्या टोकाशी जे होतं, ते याहून जास्त घातकी. बॉक्सच्या वायरीला घरगुती दोन पिनांचा टॉप लावायची चाल बरीच वर्षं होती. एका जत्रेत लाइटवाल्याच्या पोरानं तो टॉप जनरेटरच्या बोर्डात खुपसला. २३० व्होल्ट, ८ ओहम: कागदावर साडेसहा हजार वॅट. एक घरघर आली, जळक्या लाखेचा वास आला आणि बॉक्स मुका झाला. पोराला काही झालं नाही, हे नशीब. त्या रात्री त्यानं गोदामातले सगळे टॉप कापले. तेव्हापासून त्याच्या बॉक्सला स्पीकॉनच लागतो. लिक्टेन्स्टाइनच्या न्यूट्रिक कंपनीनं १९८७ साली काढलेला हा कनेक्टर विजेच्या बोर्डात जातच नाही. आत घालून पिळला की खट्‌कन बसतो आणि वायरीला पाय अडकला तरी निघत नाही.

स्पीकॉनच्या स्क्रूखाली तार बसवताना नवे कारागीर टोकाला सोल्डर मारतात. दिसायला ते नेटकं दिसतं. पण सोल्डर मऊ. स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि महिन्याभरात जोड ढिला होतो. तो तारांना नुसता पीळ देतो, स्क्रू आवळतो, मग वायर ओढून पाहतो. नव्या वायरीचं टोक आधी ब्लेडनं खरवडतो. आत पांढरं दिसलं, तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते वजनाला हलकं लागतं, आणि ॲल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या दीडपटीहून जास्त.

एकदा एका कॉलेजच्या गॅदरिंगला बेसचे दोन बॉक्स शेजारी लावले आणि बेसच गायब. मशीन ठीक, दिवे नाचतायत, समोर पोकळ आवाज. त्यानं एक बॉक्स बंद केला आणि आवाज भरून आला. एका स्पीकॉनमध्ये धन-ऋण उलटं झालं होतं. एक पडदा हवा पुढे ढकलायचा तेव्हा दुसरा मागे ओढायचा. आता प्रत्येक दुरुस्तीनंतर वायरीच्या टोकाला दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवतो. धनाला धन लागलं की पडदा बाहेर उसळतो. बोट ठेवलं तर कळतं.

रात्री दहाला साउंड बंद. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी ती वेळ बांधून दिली आहे आणि सूट मिळालेले दिवस मोजके. गर्दी पांगते, पोऱ्या वायर गोळा करायला लागतो: पंजा ते कोपर, पंजा ते कोपर. "अरे, दोरखंड आहे का तो?" तो वायर हातातून काढून घेतो. कोपराला गुंडाळलेल्या वायरीला प्रत्येक वेढ्यात पीळ पडतो आणि आतल्या बारीक तारा एकेक करून तुटतात. तो एक वेढा सरळ घेतो, दुसरा मनगट आत वळवून उलटा. वायर पिळाविना जमिनीवर गोल बसते.

बाराव्या वेढ्याला त्याचा अंगठा थांबतो. आवरणाखाली एक जागा मऊ लागते, वायर तिथं नको तेवढी सहज वाकते. तो खिशातून लाल टेप काढून त्या जागी दोन फेरे मारतो आणि उरलेली वायर गुंडाळायला लागतो.