बारा हजारांची जाळी

अण्णांनी किंमत विचारली तेव्हा मी बारा हजार म्हणालो. खरी किंमत शेहेचाळीस हजार होती. फिटिंगचे साडेचार वेगळे.

गाडी स्कोडा लॉरा, १.८ टीएसआय, २०११ चं मॉडेल. मी तिचा तिसरा मालक. कंपनीतून निघताना १६० पीएसची होती. मी पुण्यात 'स्टेज वन' रिमॅप करून घेतला, म्हणजे ईसीयूला सांगितलं की टर्बोचं प्रेशर अजून वाढव. (मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दल काय म्हणतं ते मला माहीत आहे. रिमॅप त्यात कितपत बसतो यावर आम्हा मित्रांचा वाद अजून मिटलेला नाही.) डिसेंबरात पुण्यात गाडी उडायची. एप्रिलमध्ये गावाकडं निघालो आणि नगर सोडून करंजी घाटात एका ट्रकमागं अडकलो. ट्रकला ओव्हरटेक करायला पाय दाबला तर गाडीनं नुसता उसासा टाकला.

ओबीडी डोंगल लावलेलं होतं. मोबाईलवर इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दिसत होतं : ७४ अंश. बाहेर ४२.

मी मेकॅनिकलचा. पोट सॉफ्टवेअरवर भरतो, तरी थर्मोडायनॅमिक्स दोनदा दिल्यामुळे पक्कं लक्षात आहे. सायकलच्या पंपाचं तोंड हवा भरताना तापतं, तसंच टर्बोत होतं. ४२ अंशांची हवा ०.८ बारनं दाबली की टर्बोतून निघताना ती साधारण १२० च्या वर जाते. तापलेली हवा विरळ, म्हणून सिलिंडरमध्ये ऑक्सिजन कमी. शिवाय पेट्रोल इंजिनात नॉकिंगची भीती, म्हणून ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद स्वतःच कमी करतो. म्हणजे रिमॅपला दिलेले पैसे चकलांब्याच्या उन्हात ईसीयू परत घेत होता. टर्बो आणि इंजिन यांच्या मध्ये ही हवा थंड करणारी जी जाळी असते ती इंटरकूलर. ७४ ची हवा ५४ वर आणली तर घनता सहा टक्क्यांनी वाढते. ऐकायला किरकोळ वाटतं, पण खरा फायदा ईसीयू निर्धास्त होण्यात आहे.

मग रोज रात्री ऑफिसचा कॉल संपला की इंटरकूलर बघणं सुरू झालं. सगळ्यांना सगळ्यात मोठा हवा असतो. 'बार अँड प्लेट' प्रकारचा, जाडजूड, वजनदार, बंपरमधून दिसणारा. त्या ॲल्युमिनियमच्या वजनातच उष्णता मुरते, म्हणून दहा-बारा सेकंदांच्या ड्रॅग रेससाठी तो राजा. पण घाटात वीस मिनिटं ट्रकमागं चाललात की तोही तापतो, आणि एकदा तापला की निवायला वेळ लावतो. त्यात तो मागच्या रेडिएटरची हवा अडवतो. मराठवाड्यात उन्हाळ्यात एसी आणि कूलंट आधीच रडकुंडीला आलेले असतात. आत जागा जास्त म्हणून टर्बोला ती भरायलाही क्षणभर जास्त लागतो. 'ट्यूब अँड फिन' हलका, त्यातून वारा सहज आरपार जातो, गाडीनं वेग घेतला की लवकर निवतो. दगड लागला तर मात्र नाजूक. आणि कुठलाही घ्या, बाहेर ४२ असेल तर हवेवर चालणारा इंटरकूलर ४२ च्या खाली आणू शकत नाही. विकणारे हे सांगत नाहीत.

मी ट्यूब अँड फिनकडं झुकत होतो. ऑर्डर द्यायच्या आधी गावी आलो. अंगणात बोनेट उघडून उभा होतो तर अण्णा आले. आयुष्यभर ऊसतोड, शेवटची सहा वर्षं कारखान्याच्या ट्रॅक्टरवर. त्यांनी वाकून बंपरमधून आत पाहिलं.

"हिला वारं कुठून लागतंय रं?"

"समोरून, अण्णा."

"समोरून येतंय, पर बाजूनं पळून जातंय की. जाळीतनं कशाला जाईल?"

बरोबर होतं. आधीच्या कुणीतरी बंपर दुरुस्त करताना वारा जाळीकडं वळवणाऱ्या बाजूच्या प्लास्टिकच्या पट्ट्या परत लावल्याच नव्हत्या. आणि फिन्समध्ये किडे, माती, कुठलं तरी पाचट. अण्णांनी पाण्याची नळी घेतली आणि मागच्या बाजूनं पुढं धुतली. ट्रॅक्टरची जाळी अशीच धुवायची, पुढून मारलं तर घाण अजून आत बसते, म्हणाले. परतीला पाथर्डीतून फोमच्या पट्ट्या घेतल्या. खर्च तीनशे रुपये. करंजी घाटात तापमान ६६. महिनाभर वाचलेल्या चार्टांनी एक अंशही कमी केला नव्हता.

खरं तर तिथं थांबायला हवं होतं. पण हातात बोनस होता. मी मूळच्याच जागेत बसणारा, थोडा जाड ट्यूब अँड फिन घेतला. जूनच्या आधी बसवला. ४१ अंशांच्या दुपारी घाटात ५५. गाडी हलकी झाल्यासारखी वाटली. खूश होतो.

आणि अण्णांनी किंमत विचारली.

मी दहावीला होतो ते २०१२-१३, दुष्काळाचं वर्ष. मी आजीजवळ गावात, आईअण्णा फडावर. त्या हंगामात मुकादमाकडून दोघांनी मिळून पन्नास हजारांची उचल घेतली होती. दिवाळीपासून मार्चपर्यंत दोघांनी ती फेडली. हा आकडा मला पाठ आहे, कारण त्यातलेच नऊ हजार माझ्या क्लासला गेले. जाळी आणि फिटिंग मिळून पन्नास हजार पाचशे. बारा हजार हा आकडा तोंडातून निघाला तेव्हा मी विचारही केला नव्हता.

अण्णांना बारा हजारही जास्तच वाटले, पण गावात त्यांनी कौतुकानं सांगितलं. आठवड्यानं चुलतभावाचा फोन. "माझ्या पिकअपला बी आण की तसली जाळी. बारा हजार तयार हायेत." मी म्हणालो, तुझ्या गाडीला आधीच असेल, बघावं लागेल. तो म्हणाला, "असू दे, मोठी बसव." पुढच्या खेपेला त्यानं अण्णांच्या समोरच पैसे मोजून ठेवले. पाचशेच्या चोवीस नोटा.

मी त्या परत त्याच्याकडं सरकवल्या आणि अण्णांना खरी किंमत सांगितली. फिटिंगसकट.

ते बराच वेळ बोलले नाहीत. आईनं चहा आणून ठेवला. चुलतभावानं नोटा खिशात घातल्या आणि काम आठवल्यासारखा उठून गेला.

"म्हंजी एक हंगाम," अण्णा म्हणाले.

"हो."

चहा संपवून ते गाडीजवळ गेले, खाली वाकले आणि बंपरमधून जाळी पुन्हा बघायला लागले. मग मला म्हणाले, "नळी आण. लय घाण बसली."